एगिदच्या वेशीतला काळा दगड

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. एगिद शहराच्या दक्षिण वेशीचे दार ज्याच्यावर फिरत असे, तो मी. उंबऱ्याच्या एका बाजूला विटांनी बांधलेला छोटा खड्डा होता, त्यात मला बसवले होते. माझ्या डोक्यावर वाटीएवढा खळगा आहे. दाराच्या खांबाचे तांब्याने मढवलेले टोक या खळग्यात टेकलेले असे. दार ढकलले की ते टोक माझ्यात फिरे. एवढ्या मोठ्या देवदारी दाराचा भार माझ्या एकट्याच्या डोक्यावर होता. येणारा-जाणारा माझ्याकडे पाहत नसे, पण माझ्याशेजारून गेल्याशिवाय कुणाला गावात येता येत नसे आणि गावाबाहेर जाता येत नसे.

आमच्या मुलखात दगड मिळत नाही. आहे ती नदीने आणून टाकलेली माती, नळ या उंच गवताची बेटे आणि खजुरीची झाडे. माझा जन्म दूर समुद्रापलीकडच्या मगनच्या डोंगरातला. लुगलनीर राजा गादीवर बसला त्या वर्षी मला जहाजात घालून आणले. दोन पाथरवट तीन महिने माझ्यापुढे बसले होते. त्यांनी खळगा कोरला, कडा घासल्या आणि माझ्या अंगावर अक्षरे खोदली : 'एगिदचा राजा लुगलनीर, याने ही वेस बांधली.'

मला बसवले तो दिवस मी विसरलो नाही. राजा तेव्हा पंचविशीचाही नसेल. त्याने पहिल्या विटेच्या मातीची पाटी स्वतःच्या डोक्यावरून वाहून आणली. मग कमरेचे वस्त्र खोचून तो खड्ड्यात उतरला, चिखलात गुडघे टेकले आणि माझ्या खळग्यात तिळाचे तेल ओतले. काठावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायकांचे डोळे भरून आले. त्या म्हणत होत्या की असा राजा आम्ही पाहिला नाही, आमच्या आयांनीही पाहिला नव्हता. मित्रांनो, त्या खोटे बोलत नव्हत्या.

त्याच दिवशी शेशकला वेशीचा दारवान झाला. तो राजाच्याच वयाचा होता. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. दाराला लागूनच एक खोली होती, तिथे तो आणि त्याची बायको गेमेलम्मा राहू लागली. पहाटे उठून तो आधी माझ्यापाशी येई, खळग्यातली धूळ बोटाने काढी आणि चमचाभर तेल सोडी. समोर सुकी मासळी विकणारी बाई त्याला रोज चिडवायची.

"दगडाला एवढं तेल पाजतोस, बायकोच्या केसांना लावतोस का कधी?"

"दगड तक्रार करत नाही," शेशकला म्हणे, आणि आतून गेमेलम्मा हसे.

ती चांगली वर्षे होती. आमच्याकडे वर्षाला आकडा नसतो, राजा नाव देतो. एका वर्षाचे नाव होते 'मोठा कालवा खणला ते वर्ष'. त्या कालव्यासाठी राजा स्वतः फावडे घेऊन उन्हात उभा राहिला होता. पाणी आले, सातू कमरेएवढा वाढला, आणि माझ्यावरून एवढी गाढवे धान्य घेऊन गेली की खांबाचे तांबे दोनदा बदलावे लागले. त्याच वर्षी शेशकलाला मुलगी झाली, निनबारा. ती रांगत रांगत माझ्यापर्यंत यायची आणि तेलात बोटे बुडवून चोखायची.

मग कालव्याच्या वरच्या अंगाला जे शहर होते, त्याने बांध घातला. आमचे पाणी निम्म्यावर आले. लुगलनीरने निरोप धाडले, देवळात शपथा झाल्या, शपथा मोडल्या. मला बसवल्यापासून माझ्या मोजणीने आठव्या वर्षी तो सैन्य घेऊन गेला आणि जिंकून आला.

त्या दिवशी शेशकलाने दार सताड उघडले होते. त्याला अभिमान वाटत होता, मलाही वाटत होता, कशाला लपवू? आधी राजा आला, मग सैनिक आले, आणि शेवटी माना लाकडात जखडलेले कैदी आले. मोजून चाळीस. ते उंबऱ्याला ठेचकाळत होते. पहिल्यांदा वाटले की दमले असतील. मग शेशकलाच्या लक्षात आले की त्यांना दिसत नाही. त्यांचे डोळे काढून आणले होते, म्हणजे ते पळणार नाहीत.

त्यांना वेशीलगतच्या राजाच्या बागेत कामाला जुंपले. विहिरीचे पाणी दिवसभर ओढायचे आणि झाडांना घालायचे. त्यांना पेज वाढायचे काम वाड्यावरून गेमेलम्माकडे आले. राजाने त्या वर्षाला नाव दिले, 'शत्रूचे हात बांधले ते वर्ष'. लोक आपसात त्याला आंधळ्यांचे वर्ष म्हणत.

त्या संध्याकाळी शेशकला जेवला नाही. बराच वेळ माझ्याशेजारी बसून राहिला. शेवटी बायकोला म्हणाला, "मी काही केलं नाही. मी फक्त दार उघडलं."

"हो," गेमेलम्मा म्हणाली. "मीही फक्त पेज वाढते."

यावर दोघे पुन्हा कधी बोलले नाहीत.

पुढची वर्षे मला एकात एक मिसळलेली आठवतात. जमिनी पांढऱ्या पडू लागल्या, मिठाचा थर वर आला. आधी गहू गेला, मग सातूही विरळ झाला. वरच्या शहराशी दुसरी लढाई झाली, तिच्यात लुगलनीरचा एकुलता एक मुलगा पडला. त्याचे प्रेत या वेशीतूनच आणले. राजा मागून चालत होता आणि त्याचा हात मुलाच्या पायावर होता. त्या दिवसानंतर तो कालव्याकडे फिरकला नाही. त्याला फक्त तटबंदी दिसू लागली. भिंत एक पुरुषभर उंच करा, मग आणखी एक पुरुषभर. शेतातले गडी विटा पाडायला नेले, मग कुंभार नेले, कोष्टी नेले. निनबाराचा नवरा कुंभार होता. तो परांचीवरून पाय घसरून खाली पडला आणि तिथेच संपला. निनबारा दोन लेकरांना घेऊन माहेरी आली.

पंचविसाव्या वर्षी वरच्यांनी पाणी पूर्ण तोडले. लोक गाव सोडू लागले. दक्षिणेला दोन दिवसांच्या वाटेवर दलदल आहे. तिथे नळाच्या झोपड्यांत राहणारे लोक मासे मारून जगतात, त्यांच्यावर कुणाचे राज्य नाही. रोज दोन-चार घरे गाठोडी बांधून माझ्यावरून निघून जात. हे राजाच्या कानावर गेले आणि हुकूम आला : वेस बंद. आत कुणी येणार नाही, बाहेर कुणी जाणार नाही. जो पळताना सापडेल त्याला बागेत पाणी ओढायला घालायचे. याचा अर्थ काय होतो ते गावात सगळ्यांना माहीत होते.

वेशीवर सहा शिपाई बसले. तेल तर केव्हाच संपले होते, जे होते ते लोकांच्या पोटात गेले होते. माझा खळगा कोरडा पडला. एकदा काही कारणाने दार थोडे उघडावे लागले, तेव्हा ते असे किंचाळले की चार गल्ल्यांतली माणसे दारात आली. शिपाई निश्चिंत झाले. ते म्हणाले, दारच आपला पहारा करते, आपण कशाला जागायचे.

निनबाराचे धाकटे मूल त्या उन्हाळ्यात गेले. पुरून आल्यावर ती बापासमोर बसली. मोठा मुलगा तिच्या मांडीवर होता, पाच वर्षांचा, पण तिने एका हाताने उचलावा एवढाच झाला होता.

"बाबा, दार उघडा."

शेशकलाने नकारार्थी मान हलवली.

"एकदाच. माझ्यापुरतं."

"ते ओरडतं, पोरी. दहा पावलांवर शिपाई आहेत. तुला धरतील. मग तुझे डोळे..."

"मग इथे बसून ह्याचंही पाहू?"

शेशकलाने आयुष्यभर हुकूम पाळला होता, आणि आपण वाईट माणूस आहोत असे त्याला कधी वाटले नव्हते. तो भित्राही नव्हता. त्याला फक्त दुसरे काही करता येते हे ठाऊक नव्हते.

गेमेलम्मा आत गेली आणि कोपऱ्यातल्या रांजणामागून एक मुठीएवढी कुपी घेऊन आली. तिळाचे तेल, दोन बोटे उरलेले. रोज पेजेत ती एकेक थेंब टाकत होती. तिने ती कुपी नवऱ्यापुढे ठेवली.

"आता हे पोटात घालायचं की दगडात, तुम्ही ठरवा."

मित्रांनो, माझ्यावर एक राजा तेल ओतून गेला होता, बँडबाजा नसेल पण झांजा वाजल्या होत्या. ते तेल मला आता आठवतही नाही. हे दोन बोटे तेल मात्र आठवते. शेशकलाने दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते माझ्यात ओतले. आमच्याकडची दुपार तुम्हाला माहीत नाही. हवा भट्टीसारखी होते, कुत्रीसुद्धा सावलीतून उठत नाहीत. सहाही शिपाई भिंतीच्या सावलीत तोंड उघडे टाकून झोपले होते. शेशकलाने खांद्याने दार रेटले. मी आवाज केला नाही. माणूस अंग चोरून निघेल एवढी फट पडली.

निनबाराने आईला हाताने खूण केली, चल. गेमेलम्माने नकार दिला. शिपाई संध्याकाळी खोलीत डोकावतात, म्हातारी दिसली नाही तर बोंब होईल, हे एक कारण. दुसरे तिने सांगितले नाही, पण बागेत पेजेची वेळ झाली होती. निनबारा पोराला घेऊन निघाली. फट मिटली. शेशकला माझ्याशेजारी खाली बसला आणि काठावर ओघळलेले तेल त्याने बोटाने परत खळग्यात लोटले.

त्याला वाटले होते हे एकदाच होईल. तिसऱ्या दिवशी मासळीवाली आली, तिच्याजवळ विकायला काही उरले नव्हते. तिने पदराआडून शिंपलाभर माशाचे तेल पुढे केले. मग एक विणकर कुटुंब आले, त्यांनी मेंढीची चरबी आणली, सुपारीएवढी. एका आजीने स्वतःच्या मयतासाठी जपून ठेवलेले सुगंधी तेल आणले. ती स्वतः गेली नाही, तिने सून आणि नातवंडे पाठवली. ज्या घरात खायला दाणा नव्हता त्या घरातून ते तेल येत होते, आणि मी ते पीत होतो. सव्वा महिन्यात चौसष्ट माणसे भर दुपारी माझ्यावरून निघून गेली. शेशकला प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून बाहेर काढी.

आणि त्या तेलानेच घात केला. शिपायांवर नवा नाईक आला होता. उपाशी माणसाचे नाक फार तिखट असते. वेशीपाशी येताच त्याने श्वास ओढून घेतला आणि विचारले की तेल कुणाच्या घरी आहे. कुणाच्याच घरी नव्हते. वास घेत घेत तो माझ्यापर्यंत आला, वाकला, खळग्यात बोट फिरवले. मी त्याचे तोंड पाहत होतो. त्याने आधी ते बोट चाटले. दुसऱ्यांदा बोट फिरवून पुन्हा चाटले. मग तो उठला आणि वाड्याकडे गेला.

राजा स्वतः आला. किती वर्षांनी मी त्याला जवळून पाहत होतो. केस पांढरे झाले होते, मान गळ्यातल्या सोन्याने वाकली होती. शेशकलाला त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसवले.

"किती गेले?" राजाने विचारले.

"चौसष्ट, महाराज."

"कुठे?"

"दलदलीकडे."

"कोण कोण?"

शेशकलाने एकही नाव सांगितले नाही. मग राजा हळू आवाजात म्हणाला, "मी तुला ओळखतो. मी दगड बसवला तेव्हा तू इथे होतास. मी एवढी भिंत उभी केली, आणि तू तिला भोक पाडलंस. उद्या वरचे चालून आले तर भिंतीवर कोण उभं राहणार?"

"उभं राहायला पायांत बळ लागतं, महाराज," शेशकला म्हणाला. "आत आहेत त्यांनाही ते नाही."

नाईकाने त्याला लाथ घातली. राजा काही वेळ आपल्या मुठीकडे पाहत राहिला. मला वाटले, आता हा काहीतरी वेगळे बोलेल. त्याचे ओठ हललेही. पण तो वळला आणि जाता जाता म्हणाला, "हुकूम आहे तसा करा."

तसे केले. माझ्यापासून चार पावलांवर केले. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही.

शेशकलाला बागेत पाणी ओढायला घातले. चाळीस आंधळ्यांपैकी तेव्हा अकरा जिवंत होते, तो बारावा. त्यांना पेज गेमेलम्माच वाढत होती. पहिल्या दिवशी ती त्याच्यापुढे आली. तिने त्याच्या वाडग्यात अर्धी पळी जास्त घातली. बाकीच्या अकरा जणांना पळीचा आवाज ओळखू येत असे. कुणाला किती पडली हे त्यांना डोळस माणसापेक्षा नेमके कळे. पण अर्ध्या पळीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. थंडी पडली तेव्हा एके सकाळी शेशकलाच्या वाडग्यात पळी आपटली, घाईने, बरोबर एक. वाढणारा हात दुसराच होता. तो वाडगा हातात धरून उभा राहिला. शेजारचा आंधळा, वरच्या शहराचा, त्याला म्हणाला, "खाऊन घे, बाबा. थंड होईल." मग त्याने खाल्ले.

वेशीचे दार राजाने आतून विटांनी चिणून टाकले होते. वसंतात वरच्या शहराचे सैन्य आले. त्यांना वेस फोडावी लागली नाही. भिंत ताडाएवढी होती, पण तिच्यावर माणूस नव्हता. त्यांनी शिड्या लावल्या आणि चढून आले. दुपारपर्यंत सगळे आटोपले. मग त्यांनी आतून चिणलेल्या विटा काढल्या आणि लुगलनीरला मान लाकडात जखडून माझ्यावरून बाहेर नेले. तो खाली पाहत चालला होता. सव्विसावे वर्ष होते. त्या वर्षाला कुणीच नाव दिले नाही.

देवदाराचे दार त्यांनी उपसून नेले, लाकूड सोन्याच्या भावाचे असते. मलाही पहारीने उचलून पाहिले. माझी एक बाजू तडकली, तसे सोडून दिले. पण छिन्नी घेऊन एक जण बसला आणि त्याने माझ्यावरचे राजाचे नाव तेवढे खरवडून काढले. गावात जे चालू शकत होते त्यांना बांधून नेले. आंधळ्यांना कुणी हात लावला नाही. आपलीच माणसे आहेत हे वरच्यांना कळले होते की नाही, कोण जाणे. बहुधा कळले असावे, म्हणूनच तोंड फिरवून गेले असतील.

पंधरा-वीस दिवसांनी निनबारा आली. एक होडी कालव्याच्या कोरड्या तोंडाशी ठेवून ती पायी चालत आली होती. बाप तिला बागेत सापडला. विहिरीत जे काही होते ते हे बारा जण अजूनही ओढत होते, झाडांना घालत होते आणि खाली पडून सुकलेला जुना खजूर वाटून खात होते. ती त्याला वेशीपर्यंत घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसवले. आई थंडीत गेली, हे त्याने तिला सांगितले. मग विचारले, "चौसष्टांपैकी किती पोहोचले?"

निनबारा खोटे बोलू शकली असती. ती म्हणाली, "वाटेतच काही गेले, बाबा. मग थंडीत ताप आला. एकोणतीस आहोत आता."

शेशकलाने तो आकडा स्वतःशी दोन-तीनदा म्हटला.

"आणि हा?" त्याने हाताने लहान पोराची उंची दाखवली.

"होडीत बसलाय. भूक लागली म्हणून कुरकुरतोय."

त्या वेळी त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आले त्याला हसू म्हणता येणार नाही, पण दुसरा शब्द मला ठाऊक नाही. मग तो उठला आणि म्हणाला की एकटा येणार नाही, अकरा जण आहेत. होडी एवढीशी आहे, निनबारा म्हणाली. तो म्हणाला, मग होडीला दोर बांधू आणि काठाने चालू. ते शत्रूचे आहेत, असे तिने म्हटले नाही. बागेतून ते आले, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात, अशी रांग. शेशकला दारवानाच्या जागी उभा राहिला. प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून त्याने एकेकाला बाहेर काढले. अकरा झाल्यावर तो स्वतः बाहेर पडला. बाहेर पडता पडता त्याचा हात सवयीने मागे आला, दार ओढून घ्यायला. तिथे दार नव्हते. हात हवेत फिरला, आणि तो चालू लागला.

त्याचे पुढे काय झाले मला ठाऊक नाही. इकडे पुन्हा कुणी आले नाही.

मित्रांनो, आता मी कुशीवर पडलो आहे. भिंत विरघळून माती झाली, कालवा बुजला. मला उचला, धुऊन-पुसून कुठे ठेवा, असे मी मागणार नाही. मी दगड आहे, माझे काय बिघडणार. माझे मागणे वेगळे आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कुणाच्या हाती एखाद्या घराचे, एखाद्या गावाचे दार येईल. आतला माणूस गाठोडे बांधून त्या दाराशी उभा राहिला, तर त्याला अडवण्याआधी एवढे तरी विचारा की तुला का जायचे आहे. किती गेले, कुठे गेले, कोण गेले, हे लुगलनीरने विचारले होते. का जायचे आहे, हे एवढे मात्र त्याने सव्वीस वर्षांत कुणालाच विचारले नाही.